वेंगुर्ले ते सिरोंचा: अंतर किती आणि विमानाने वेळ किती?

उभादांडा (३ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माहिती हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलगा यंदा एमबीबीएस झाला. बंधपत्राच्या सेवेसाठी त्याला सिरोंचा मिळालं. आम्ही वेंगुर्ल्याचे. नकाशा भिंतीला लावला तर महाराष्ट्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आम्ही आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तो. ऑगस्टमध्ये त्याला कुडाळला रेल्वेत बसवून दिलं. मुंबई, मग नागपूर, मग गडचिरोली, पुढे आलापल्लीमार्गे बस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, "पोचलो."

आता डिसेंबरात हिला त्याच्याकडे जायचं आहे. तिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, तीन दिवस बसून प्रवास झेपणार नाही. म्हणून मी इंटरनेटवर दोन गावांची नावं टाकून अंतर शोधलं. उत्तर आलं: ७५० किलोमीटर, विमानप्रवास ५६ मिनिटं. ते हिने शेजारी बसून वाचलं. म्हणाली, "म्हणजे सकाळी निघालो तर जेवायला त्याच्याकडे."

मला तिला काय सांगावं कळेना. सिरोंच्याला विमानतळ नाही एवढं मला ठाऊक आहे. मग ही ५६ मिनिटं आली कुठून? आणि खरोखर दारातून निघून दारात पोचायला किती वेळ लागेल? कुणी गेलं असेल तर कृपया सांगा.

नकाशावेडी (३ नोव्हेंबर, रात्री १०:२५)

काका, ५६ मिनिटांचं कोडं सोपं आहे. ती संकेतस्थळं विमानतळ आहे की नाही हे बघतच नाहीत. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतात, सरळ अंतर काढतात आणि ताशी ८०० ने भागतात. ७५० भागिले ८०० म्हणजे बरोबर ५६ मिनिटं. धावपट्टी, चढणं-उतरणं, बॅगा यांतलं त्यात काहीच नाही.

अंतर मात्र खरं आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, मुलांकडून हे वहीत करून घेते, तुम्हीही करून बघा. वेंगुर्ले १५.८६ उत्तर, ७३.६३ पूर्व. सिरोंचा १८.८५ उत्तर, ७९.९७ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक २.९९ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे ३३२. पूर्व-पश्चिम फरक ६.३४ अंश. इथे एक अंश १११ चा नसतो, कारण विषुववृत्तापासून वर सरकलं की रेखांश एकमेकांजवळ येतात. आपल्या पट्ट्यात तो साधारण १०६ किलोमीटरचा होतो, म्हणून हे अंतर ६७३. आता काटकोन त्रिकोण काढा आणि कर्ण मोजा. ७५० येतो.

पण खरी गंमत मला नंतर दिसली. नकाशावर पट्टी ठेवून ही रेघ ओढली आणि तिच्याखाली कोणती गावं येतात ते वाचत गेले. वेंगुर्ल्याहून निघाली की आंबोलीच्या जरा उत्तरेकडून घाट चढते. मग आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर. मग विजापूर जवळजवळ रेघेवरच. पुढे कलबुर्गीच्या उत्तरेने झहीराबादकडे, मग मेदक, सिरसिल्ला, करीमनगर, मंथनी, आणि गोदावरी ओलांडली की सिरोंचा. म्हणजे ७५० पैकी महाराष्ट्रात जेमतेम शंभर किलोमीटर. आपल्याच राज्याची दोन टोकं जोडणारी रेघ साडेसहाशे किलोमीटर कर्नाटक आणि तेलंगणातून जाते. मी दोनदा तपासलं.

गडहिंग्लजकर (३ नोव्हेंबर, रात्री ११:१०)

ताई, आमच्या डोक्यावरून जाणारी रेघ! संकेश्वर–बांदा रस्ता जवळपास याच रेघेवर आहे. आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वर. आता चांगला रुंद झालाय.

काका, रस्त्याने जायचं म्हटलं तर मी हैदराबादपर्यंत दोनदा गेलोय, तेवढंच सांगतो. संकेश्वर, विजापूर, कलबुर्गी, हैदराबाद. वेंगुर्ल्यापासून साधारण पावणेसातशे पडेल. तिथून सिरोंचा आणखी पावणेतीनशे. एकूण साडेनऊशेच्या आसपास. एका दमात करू नका. कलबुर्गीला मुक्काम करा.

प्राणहिता_काठ (४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५)

मी सिरोंच्याचाच. आता नोकरीसाठी हैदराबादला असतो, पण आईबाबा, घर, शेत सगळं तिकडे. काका, तुमच्या डॉक्टरला कदाचित माझी आई दाखवायला गेलीही असेल.

तुमच्यासारखे कोकणातले, पुण्यातले लोक सिरोंचा म्हटलं की आधी नागपूरकडे तोंड करतात. सरकारी कागदही तसेच फिरतात. पण आमच्या गावाचं तोंड दक्षिणेकडे आहे. गावाच्या एका बाजूने प्राणहिता येते, पुढे गोदावरीला मिळते. पल्याड तेलंगणातलं काळेश्वर. नागपूर आम्हाला साडेतीनशे किलोमीटरच्या वर, हैदराबाद पावणेतीनशे. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळेत मराठी शिकलो, आठवडी बाजारात माडिया-गोंडीही कानावर पडते. ऑपरेशन मोठं असलं तर पेशंट वरंगळला नाहीतर हैदराबादला जातो. लग्नाची साडी मंचिर्यालहून येते.

म्हणून माझं सांगणं एवढंच: मुंबई-नागपूरचा विचार सोडा. विमानाने हैदराबादला या, तिथून गाडीने वरंगळ, भूपालपल्ली, महादेवपूर, काळेश्वर आणि पूल ओलांडून सिरोंचा. मावशींच्या गुडघ्यांना हाच रस्ता सोसेल. तेलंगणाच्या बाजूचा रस्ता चांगला आहे.

आणि आम्हाला कुणी दुर्गम म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कुठून मोजताय?

लालपरी_निवृत्त (४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०)

वरच्या भावाने लिहिलं ते खरं आहे जी. मी एसटीत चालक होतो, बारा वर्षं अहेरीकडच्या गाड्या चालवल्या. आलापल्ली ते सिरोंचा शंभरेक किलोमीटर. सागाचं रान, मध्ये मध्ये नाले. ऐन पावसाळ्यात एखाद्या नाल्याला पूर आला की गाडी अलीकडे, प्रवासी अलीकडे, पाणी उतरेपर्यंत वाट बघायची. गावातले लोक भात आणून द्यायचे. चार-चार तास, कधी रात्र. प्रवासी कुरकुर करत नसत, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की पाण्यापुढे कुणाचं चालत नाही.

पूल नव्हता तेव्हा काळेश्वरला जायचं तर नावेने. उन्हाळ्यात पाणी आटलं की रेतीतून चालत. नावेत माणसं, सायकली, शेळ्या, तांदळाची पोती एकत्र. बाळंतीण बाई नावेतून पल्याड नेलेली मी डोळ्यांनी बघितली आहे. आता गोदावरीवर काळेश्वरकडे पूल, प्राणहितेवर चेन्नूरकडे पूल, इंद्रावतीवर छत्तीसगडकडे पूल. नकाशावरचं अंतर तेवढंच आहे, पण एका पुलाने अर्धा दिवस वाचतो.

तुम्ही डिसेंबरात जाताय ते उत्तम. जुलै-ऑगस्ट टाळाच. २०२२ च्या जुलैत गोदावरीचं पाणी तालुक्यातल्या गावांत शिरलं होतं, लोकांना हलवावं लागलं होतं.

एटीआर७२ (४ नोव्हेंबर, दुपारी १:१५)

मी विमानतळावर उड्डाणांच्या नियोजनाचं काम करतो, म्हणून वेळेबद्दल थोडं स्पष्ट करतो. ५६ मिनिटं बघून अनेकांचा असाच गोंधळ होतो.

विमानाच्या तीन वेळा वेगळ्या असतात. पहिली, कागदावरची: अंतर भागिले वेग. दुसरी, हवेतली: चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत. तिसरी, तिकिटावरची: विमान जागेवरून हललं तिथपासून पोचल्यावर जागेवर उभं राहीपर्यंत. तिला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. तिच्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत येणं हे सगळं आलं. म्हणून तीच तुमच्या कामाची.

ताशी ८०० हा वेगही पूर्ण प्रवासाचा नसतो. मोपा (उत्तर गोव्यातला विमानतळ) ते शमशाबाद (हैदराबादचा विमानतळ) सरळ अंतर ५१५ किलोमीटरच्या आसपास आहे. जेट विमान वर चढण्यातच दोनशेक किलोमीटर घालवतं. उतरायला सुरुवात साधारण १८० ते २०० किलोमीटर आधीच होते. म्हणजे पूर्ण वेगाने सपाट उडायला मधला शंभर-सव्वाशे किलोमीटरचाच तुकडा उरतो. लहान अंतरावर विमान कधीच पूर्ण वेगाच्या हिशेबात बसत नाही. शिवाय विमानं पट्टीने ओढलेल्या रेघेवरून जात नाहीत. ठरलेले हवाई मार्ग असतात, विमानतळाजवळ यायच्या आणि सुटायच्या वाटा ठरलेल्या असतात. म्हणून जेटने हवेत तास, तिकिटावर सव्वा तास ते दीड तास धरा.

एटीआर हे पंख्याचं विमान, वेग ताशी ५०० च्या आसपास. त्याने वीसेक मिनिटं जास्त लागतील. पण एवढ्या अंतरावर फरक इतकाच पडतो. खालचं दिसतंही छान, कारण ते कमी उंचीवरून जातं.

अजून एक: हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते तुमच्या पाठीशी, येताना समोर. परतीला पाच-दहा मिनिटं जास्त लागली तर घाबरू नका. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचे वारे उलटे, पूर्वेकडून असतात, तेव्हा हिशेब पालटतो.

नकाशावेडी (४ नोव्हेंबर, दुपारी २:००)

दादा, मधला तुकडा शंभर-सव्वाशेचाच उरतो हे मला माहीतच नव्हतं. उद्या वर्गात सांगते.

कुडाळ_स्टेशन (४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५)

चिपी विसरू नका. वेंगुर्ले तालुक्यातलाच विमानतळ आहे, परुळे-चिपीचा, ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. तिथून हैदराबादला फ्लाय९१ या विमान कंपनीची एटीआर २०२४ मध्ये सुरू झाली. घरापासून जवळ. फक्त रोज असेलच असं नाही, तिकीट काढायच्या दिवशी वेळापत्रक बघा. नाहीतर मोपा आहेच, तिथून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं उडतात. तुमच्या घरापासून सव्वा-दीड तास.

मंचिर्याल_मार्गे (४ नोव्हेंबर, रात्री ८:२०)

मी वेगळं सांगतो. हैदराबादहून सहा-सात तास गाडीत बसण्यापेक्षा सिकंदराबादहून रेल्वेने मंचिर्यालला जा. भाग्यनगर एक्स्प्रेस आहे, इतरही गाड्या थांबतात. मंचिर्यालहून चेन्नूर आणि प्राणहितेचा पूल ओलांडून सिरोंचा, ऐंशीएक किलोमीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रेल्वेत पाय पसरता येतात, उठून चार पावलं टाकता येतात. गोव्याहूनही हैदराबादकडे रेल्वे आहे, पण ती रोज नाही, आणि रात्र गाडीतच जाते.

प्राणहिता_काठ (४ नोव्हेंबर, रात्री ९:००)

मंचिर्यालचा रस्ता मी स्वतः वापरतो, एकट्याला छान आहे. पण मावशींसाठी नको. शमशाबादहून सिकंदराबाद स्टेशन गाठायला शहर ओलांडावं लागतं, मग जिने, फलाट, सामान, मंचिर्यालला उतरून पुन्हा गाडी. तीनदा चढणं-उतरणं. गाडीत बसलं की दारात उतरणं, मध्ये हवं तिथे थांबता येतं. गुडघ्यांना बसण्यापेक्षा चढणं-उतरणं जास्त त्रास देतं, हे माझ्या आईमुळे मला कळलंय.

मंचिर्याल_मार्गे (४ नोव्हेंबर, रात्री ९:१५)

चढण्या-उतरण्याचं पटलं. गाडीच करा.

यवतमाळी (५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०)

कुणीच महाराष्ट्रातून जायचा रस्ता सांगितला नाही. कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, आलापल्ली, सिरोंचा. राज्य न सोडता जाता येतं, बोर्ड मराठीत, भाषेची अडचण नाही.

गडहिंग्लजकर (५ नोव्हेंबर, सकाळी ८:५०)

जाता येतं, पण किती? मी बेरीज केली, अकराशे-बाराशेच्या मध्ये जाते. सरळ अंतराच्या दीडपटीहून जास्त. तेलंगणातून साडेनऊशे म्हणजे सव्वापट. तरुण मुलं मोटारसायकलवर हौसेने करतील. आईला भेटीला न्यायचं असेल तर हा रस्ता नको.

यवतमाळी (५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०)

माझा मुद्दा वेगळा आहे. सिरोंच्याचा माणूस जिल्ह्याच्या कामासाठी गडचिरोलीला, खटल्यासाठी नागपूरला याच रस्त्याने येतो. त्याला हैदराबादचा पर्याय नाही. आपण पाहुणे म्हणून सोयीचा रस्ता निवडू शकतो. पण राज्याच्या आतला रस्ता वाईट आहे म्हणून बाहेरून जा, हे उत्तर तिथल्या माणसाला पुरत नाही. आलापल्ली–सिरोंचा रस्त्यावर गेल्या पावसाळ्यात माझ्या भावाच्या गाडीचे दोन टायर गेले, आणि तो तिथे कामासाठी दर महिन्याला जातो.

प्राणहिता_काठ (५ नोव्हेंबर, सकाळी ९:५५)

हे लिहिल्याबद्दल आभार, दादा. माझे बाबा सातबाऱ्याच्या एका कामासाठी दोन वर्षांत पाच वेळा जिल्ह्याला गेले. प्रत्येक वेळी दोन दिवस. हैदराबाद जवळ असल्याचा त्यात काही उपयोग नव्हता.

उभादांडा (५ नोव्हेंबर, रात्री १०:१५)

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या लोकांनी वेळ काढून लिहिलं, हिला मी सगळं वाचून दाखवलं. नावेतल्या बाळंतिणीचं वाचलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

मोपा–हैदराबाद सकाळचं विमान घेतलं आहे. चिपीचं हवं होतं, पण आमच्या तारखेला जुळलं नाही. पुढची गाडी मुलगा तिथूनच पाठवणार आहे, ओळखीचा चालक आहे. शेवटचा प्रश्न: काळोख पडायच्या आत पोचू का? तो म्हणाला रात्री त्या बाजूला प्रवास नको.

नकाशावेडी (५ नोव्हेंबर, रात्री १०:५०)

काका, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य एक नाही. रेखांशात सव्वासहा अंशांहून जास्त फरक आहे, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सिरोंचा तुमच्यापेक्षा पंचवीस मिनिटं पुढे आहे. त्यात डिसेंबर आणि ते गाव तुमच्या उत्तरेला, त्यामुळे तिथला दिवस थोडा लहान. वेंगुर्ल्याला सूर्य सहा वाजून गेल्यावर समुद्रात बुडतो, त्याच दिवशी सिरोंच्याला साडेपाचच्या सुमारासच मावळलेला असतो. अर्ध्या तासाचा फरक. तुमच्या सवयीने "सहापर्यंत उजेड असतो" असं धरू नका. पाचच्या आत पूल ओलांडायचा असा बेत करा.

एटीआर७२ (५ नोव्हेंबर, रात्री ११:०५)

पहिलं विमान घेतलंत हे योग्य केलंत. दिवसाच्या पहिल्या फेरीला आधीच्या फेरीचा उशीर लागत नाही. व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा, वेगळे पैसे पडत नाहीत. मावशींना विमानाच्या दारापर्यंत नेतील.

लालपरी_निवृत्त (६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०)

भूपालपल्लीच्या पुढे रान लागतं आणि रानातला उजेड लवकर जातो. जेवण वरंगळला, हणमकोंड्याला उरका. पुढे चहापुरतंच थांबा.

उभादांडा (९ जानेवारी, रात्री ८:३०)

मंडळी, जाऊन आलो. तुम्ही सांगितलंत म्हणून जमलं, तेव्हा हिशेब द्यायला हवा. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या.

डिसेंबरचा तिसरा आठवडा. पहाटे ५ ला घर सोडलं. ६:२० ला मोपा. व्हीलचेअर दारातच मिळाली. विमान ८:१५ ला जागेवरून हललं, ८:२७ ला चाकं सुटली, ९:२४ ला टेकली. हवेत ५७ मिनिटं! हिने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "बघ, छप्पन्न म्हणालं होतं ना?" ते वेगळ्या अंतराचं होतं हे मी तेव्हा सांगितलं नाही.

जागेवर उभं राहिलो ९:३२ ला. बॅगा घेऊन गाडीत बसायला १०:०५. चालक सिरोंच्याचाच मुलगा, गाडीत उशी आणि पाय ठेवायला लहान स्टूल घेऊन आला होता. शहरात न शिरता बाहेरच्या वळणरस्त्याने घटकेसरला आलो, तिथून वरंगळचा महामार्ग. हणमकोंड्याला जेवलो. भूपालपल्लीच्या पुढे रान सुरू झालं आणि हिने काच खाली केली. म्हणाली, वास आंबोलीसारखा नाही, कोरडा आहे. काळेश्वरच्या पुलावर ४:२० ला आलो. तिथे चालकाने आपणहून गाडी हळू केली आणि दोन नद्या दाखवल्या. नांदेडकडे आपल्याला सोडून गेलेली गोदावरी इथे परत महाराष्ट्राच्या काठाला लागते, हे त्याने सांगितलं. मला एवढ्या वर्षांत ते लक्षात आलं नव्हतं. ४:३५ ला क्वार्टरच्या दारात. ऊन होतं.

एकूण ११ तास ३५ मिनिटं, त्यातलं विमान हवेत होतं ५७ मिनिटं. साडेसहा तास गाडीत. खर्च सांगायचा तर येण्या-जाण्याचं गाडीभाडं एका माणसाच्या विमान तिकिटापेक्षा जास्त झालं, म्हणून कुणी जाणार असेल तर तिघे-चौघे मिळून जा.

मुलगा दारात उभा होता. वाळला आहे, पण खुशीत आहे. दवाखान्यात दिवसभर गर्दी असते. तिथली नर्स त्याला तेलुगू शिकवते, तो आता "नोप्पी एक्कड?" असं विचारतो. म्हणजे दुखतंय कुठे. हिने सोबत कोकम, तिरफळ आणि काजू नेले होते. शेजारच्या घरातून मरळ मासा आला, नदीचा. हिने तो कोकम घालून केला आणि शेजारी वाडगा पाठवला. दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला तो तांदळाच्या पिठाचे वडे भरून.

आम्ही आठ दिवस राहिलो. येताना हवेत १ तास ९ मिनिटं लागली. वारा समोरून होता, एटीआरदादांनी सांगितल्याप्रमाणेच.

प्राणहिता_काठ (९ जानेवारी, रात्री ९:१०)

काका, पिठाचे वडे पाठवणारी माझी मावशी निघाली! आईने आज फोनवर सांगितलं, "कोकणातली डॉक्टरची आई आली होती, आंबट कालवण करते." मावशीने कोकम कुठे मिळतं ते विचारलंय.

उभादांडा (९ जानेवारी, रात्री ९:२५)

पत्ता कळवा, पाठवतो. वर्षभर पुरेल एवढं पाठवतो.

नकाशावेडी (९ जानेवारी, रात्री ९:४०)

तुमच्या वेळा मी वर्गाच्या फळ्यावर लिहिणार आहे, परवानगी असेल तर. अंतर एक, वेळा तीन.

उभादांडा (९ जानेवारी, रात्री ९:५५)

जरूर लिहा, ताई. तुमचं सूर्याचं गणित हिच्या फार मनात बसलं आहे. आता रोज साडेपाच वाजले की अंगणातून आत येते आणि म्हणते, "त्याच्याकडे दिवे लागले." इथे अजून उन्हं माडांवर असतात.

कुडाळ_स्टेशन (१० जानेवारी, सकाळी ८:००)

काका, मे महिन्यात माझी बहीण तिकडे जाणार आहे, तिचे यजमान बँकेत आहेत. हापूस न्यायचा आहे. टिकेल का?

प्राणहिता_काठ (१० जानेवारी, सकाळी ८:४०)

मेमध्ये तिकडे पारा ४५ च्या पुढे जातो, गाडी वातानुकूलितच घ्या आणि पहाटेचं विमान गाठा. हापूस थोडा कच्चा, गवतात भरून आणा, घरी पिकवता येईल. आणि ताईंना सांगा, परत जाताना पेटी रिकामी नेऊ नका. आमच्याकडे तोतापुरीला कलेक्टर म्हणतात, तो भरून देऊ.